सापडलेली वस्तू : लाभ की ठेव?



विषयप्रवेश

'चोरी करू नये' हे सर्वांस मान्य आहे. त्यावर लेख लिहिण्याची गरज नाही. परंतु चोरी न करताही परक्याची वस्तू आपल्या घरात येऊन राहते, आणि ती ठेवून घेताना सज्जन मनुष्यासही आपण काही वावगे करीत आहोत असे वाटत नाही. असा एक प्रसंग आमच्या समोर घडला. त्या निमित्ताने सापडलेल्या वस्तूचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळे शहरास लागून तुंगार्ली आहे. तेथील धरणाचा जलाशय प्रसिद्ध आहे. तेथूनच राजमाचीकडे पायवाट जाते. मुंबई-पुण्याच्या लोकांनी येथे बंगले बांधले असून त्यांतील बरेच बंगले पर्यटकांना मुक्कामास दिले जातात. २०२५ च्या चैत्रात आम्ही अटन करीत तेथे गेलो असता एका उपदेशी गृहस्थाच्या घरी थांबलो होतो. हे गृहस्थ जवळच्याच एका बंगल्याची देखभाल करतात. निघण्याच्या दिवशी त्यांनी दंडवत घातला आणि कागदाची एक पुडी आमच्यापुढे ठेवली. आत सोन्याची अंगठी होती. आतल्या बाजूस दोन अक्षरे कोरलेली होती.

ते म्हणाले, "बाबा, मागच्या श्रावणात बंगल्यामागचे गटार साफ करताना ही सापडली. मी चोरली नाही. घरात वापरलीही नाही. आता आश्रमाकडे लावावी म्हणतो, म्हणजे दोष राहणार नाही."

आम्ही पुडीस हात लावला नाही. शेवटच्या वाक्यातच त्यांचे उत्तर होते. दोष नसता, तर तो 'राहणार नाही' असे म्हणण्याची वेळ कशास आली असती?

पूर्वपक्ष

अशा वेळी मनुष्याचे मन जे युक्तिवाद करते, ते प्रथम मांडू. एक : मी वस्तू कोणाच्या हातून घेतली नाही, ती मला मिळाली. दोन : मालक कोण हे मला ठाऊक नव्हते. तीन : मालकाने चौकशी केली नाही, म्हणजे त्याने ती सोडून दिली. चार : मी ती धर्मकार्यास देत आहे, स्वतःस ठेवीत नाही. या चारही शंकांचा क्रमाने परिहार करू.

पहिल्या शंकेचा परिहार

'सापडणे' आणि 'मिळणे' या दोन क्रियापदांत आपली मराठी भाषा भेद करते. मिळते ते कोणीतरी दिलेले असते, अथवा आपल्या श्रमाचे फळ असते. सापडते ते दुसऱ्याचे हरवलेले असते. सापडण्याच्या मागे हरवणे उभे असते, आणि हरवणाऱ्याचे स्वामित्व हरवण्याने नष्ट होत नाही.

प्रचलित कायद्याची दृष्टीही हीच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी त्याने त्या वस्तूची घेतली पाहिजे. म्हणजे सापडलेली वस्तू ही न सांगता आपल्या हाती आलेली ठेव होय. उचलण्याचे बंधन कोणावर नाही. उचलली की मात्र आपण तिचे राखणदार झालो.

'ज्याला सापडेल त्याचे' असे लोक म्हणतात, त्यास अर्धा आधार आहे. १७२२ साली इंग्लंडात धुराडी साफ करणाऱ्या एका मुलास रत्नजडित दागिना सापडला. त्याने तो सोनाराच्या दुकानी दाखविला असता तेथील उमेदवाराने खडे काढून घेतले. न्यायालयाने मुलाच्या बाजूने निर्णय दिला, परंतु त्याचे मर्म असे की, सापडणाऱ्याचा हक्क इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे, खऱ्या मालकापेक्षा नव्हे. पुढे १८९६ साली तेथेच एका कामगारास मालकाच्या जमिनीतील तळ्याचा गाळ काढताना दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या. खरा मालक कळला नाही, तरी न्यायालयाने त्या कामगारास न देता जमीनमालकास दिल्या. दुसऱ्याच्या आवारात त्याच्या कामावर असताना सापडलेल्या वस्तूवर सापडणाऱ्याचा हक्क याहून दुर्बळ असतो. तुंगार्लीच्या गटाराची गोष्ट याच जातीची आहे.

दुसऱ्या शंकेचा परिहार

मालक ठाऊक नव्हता, हे खरे मानू. परंतु ठाऊक करून घेण्याचे साधन होते की नाही? पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४०३ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ यांत हाच प्रश्न विचारला आहे. वस्तू राखण्यासाठी किंवा परत करण्यासाठी उचलणारा निर्दोष आहे. पण मालक माहीत असताना, अथवा त्याला शोधण्याचे साधन असताना जो ती आपलीशी करतो, तो अपराधी ठरतो. योग्य शोध न करता, मालकास मागणी करण्याइतका वाजवी काळ न थांबता जो ती आपलीशी करतो, तोही अपराधी ठरतो. नव्या कलमाप्रमाणे शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड अशी आहे.

या कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचनीय आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला आणि तो कोणाचा हे माहीत नाही, तर उचलणारा अपराधी नाही. परंतु मौल्यवान अंगठी सापडली, मालक माहीत नाही, आणि शोधाचा काहीही प्रयत्न न करता ती लगेच विकली, तर तो अपराध होय. रुपयास ओळख नाही, अंगठीस आहे. आणि ज्या बंगल्यात पाहुण्यांची नावे वहीत लिहून घेतात, तेथे तर मालक एका पानाच्या अंतरावर असतो.

आजच्या काळात मोबाईल फोनविषयी हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रत्येक फोनास १५ अंकी ओळखक्रमांक असतो. केंद्र शासनाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' व्यवस्थेत हरवल्याची नोंद झाली की तो फोन बंद पाडता येतो आणि त्यात दुसरे सिमकार्ड घातल्यास माग लागतो. धरणावर सापडलेला फोन मुलाने घरी आणला, तर वडिलांनी प्रथम 'कोणाचा?' असे विचारावे, 'केवढ्याचा?' असे नव्हे.

तिसऱ्या शंकेचा परिहार

मालकाने चौकशी केली नाही, हे आपण कशावरून म्हणतो? आपल्यापर्यंत आली नाही इतकेच आपणास ठाऊक असते. प्राचीन व्यवहारशास्त्रातही मौन म्हणजे त्याग असे मानलेले नाही. लौकिक व्यवहाराची माहिती म्हणून पाहता, मनुस्मृतीत हरवलेले धन राजाने ३ वर्षे राखावे, आणि मागणाऱ्याने रूप, संख्या इत्यादी खुणा सांगितल्यास त्यास द्यावे असे विधान आहे. खोटा दावा सांगणाऱ्यास दंड आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत नाकेदार व रक्षक यांच्या हाती आलेल्या वस्तूसंबंधी मुदत १ वर्षाची आहे. मुदतीत भेद असला तरी तत्त्व एकच : वस्तू राखावी, खूण पटवावी, परत करावी.

याचे अलीकडचे उदाहरण पैठण तालुक्यातील आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाखांहून अधिक रुपये जमा झाले. शासनाने दिलेले वचन पाळले, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. काही महिने कोणी विचारले नाही. त्याने सुमारे ९ लाख काढून घर बांधले. नंतर उलगडा झाला की ती रक्कम एका ग्रामपंचायतीची होती आणि बँकेकडून चुकून त्याच्या खात्यात गेली होती. बँकेने ती परत मागितली. करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे चुकून आलेला पैसा परत करावाच लागतो. चूक बँकेची होती, हे निर्विवाद. परंतु घराच्या भिंती उभ्या राहिल्यावर परतफेड किती अवघड होते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. न मागितलेले धन हाती आले की प्रथम चौकशी करावी, खर्च मागाहून.

चौथ्या शंकेचा परिहार

ही शंका आम्हा साधुजनांच्या अंगावर येणारी आहे, म्हणून ती टाळता येत नाही. जे आपले आहे तेच देता येते. दुसऱ्याचे देणे हे दान नव्हे, दुसऱ्याच्या वस्तूची परस्पर विल्हेवाट होय. कायद्याने तर अप्रामाणिकपणे आपलीशी केलेली मालमत्ता चोरीच्या मालमत्तेतच गणली आहे, आणि जाणूनबुजून ती स्वीकारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तेव्हा ती पुडी आम्ही झोळीत घातली असती, तर दात्याचा दोष गेला नसताच, उलट घेणाराही दोषाचा वाटेकरी झाला असता. भिक्षुकाने दिलेले घ्यावे हे खरे, पण देणाऱ्याचा त्यावर अधिकार आहे की नाही हे पाहून घ्यावे.

पुढे काय झाले

आम्ही एक दिवस अधिक थांबलो. त्या गृहस्थांनी बंगल्याच्या मालकांस दूरध्वनी करून सर्व सांगितले. वहीवरून त्या आठवड्यातील पाहुण्यांचा शोध लागला. अंगठी एका वृद्ध बाईंच्या दिवंगत यजमानांची होती. त्यांनी त्याच वेळी मालकांकडे विचारणा केली होती, पोलिसांतही तक्रार दिली होती. त्यामुळे आमच्या यजमानांस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागला. आठ महिने गप्प का राहिलात, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. बाईंना अंगठी मिळाली आणि त्यांनी पुढे काही मागितले नाही, म्हणून प्रकरण तेथेच थांबले.

परंतु याहून जड गोष्ट दुसरीच होती. बंगल्यात झाडलोट करणाऱ्या एका बाईस त्याच श्रावणात कामावरून काढले होते. संशय तिच्यावर आला होता. तिला काढले हे आमच्या यजमानांस ठाऊक होते. का काढले, हे विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. आता मालकांनी तिला परत बोलावले. ती आली नाही. निरोप घेऊन गेलेल्या यजमानांस ती दारातच म्हणाली, "दादा, अंगठी सापडली म्हणता. माझं गेलेलं नाव कुणाला सापडलं का?"

हे सांगताना यजमानांचा कंठ दाटून आला. आम्हीही काही बोललो नाही. कायद्याच्या कलमात मालक आणि सापडणारा असे दोनच पक्ष दिसतात. या तिसऱ्या पक्षास तेथे नाव नाही. श्रीचक्रधर स्वामींनी अहिंसा सांगितली ती शस्त्राच्या हिंसेपुरती नाही. पुडीत गुंडाळून डब्यात ठेवलेली अंगठी आठ महिने एका निरपराध स्त्रीस दुखवीत होती, आणि ठेवणाऱ्यास वाटत होते की आपण काहीच केले नाही.

व्यवहारनिर्णय

अभ्यासकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घरात, दुकानात वा बंगल्यात वस्तू सापडल्यास त्याच दिवशी जागेच्या मालकास सांगावे. रेल्वेत सापडल्यास स्टेशनमास्तरांकडे, रस्त्यावर वा धरणावर सापडल्यास पोलीस ठाण्यात द्यावी आणि लेखी पोच घ्यावी. मागणाऱ्यास वस्तूची खूण आपण सांगू नये, त्याने सांगावी. वस्तू राखण्यास वाजवी खर्च झाला असल्यास तो मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा, आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असल्यास ते मागण्याचा हक्क कलम १६८ ने दिला आहे. तेव्हा प्रामाणिक मनुष्याचे कायदा नुकसान करीत नाही.

उपसंहार

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात शेकडो माणसे दगावली. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्यांतील सुमारे पावणेतेरा किलोची एक वीट उडून दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. सभोवार आग आणि हाहाकार असता त्या गृहस्थाने ती वीट सरकारच्या स्वाधीन केली. सोने आभाळातून घरात पडले, तरी ते आभाळाने दिले असे त्यास वाटले नाही.

सापडलेली वस्तू हातात आली असता एक क्षण असा असतो की, ती अजून दुसऱ्याची असते आणि आपण अजून निर्दोष असतो. त्या क्षणी 'हे कोणाचे?' हा प्रश्न मोठ्याने विचारावा, चारचौघांत विचारावा. मनात विचारलेल्या प्रश्नास मन सोयीचेच उत्तर देते.