अटक, बळाचा वापर आणि कायद्याची मर्यादा

पोलिसांना बळ वापरण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. परंतु तो अटक करण्यापुरता व शांतता राखण्यापुरता आहे. शिक्षा देण्याचा अधिकार केवळ न्यायालयाचा होय. हा भेद ग्रामस्थ व अधिकारी या दोघांनीही नीट ध्यानात ठेवावयास हवा.

यासंबंधी एक परदेशी घटना बोधप्रद आहे. १४ ऑक्टोबर २००७ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर विमानतळावर पोलंडहून आलेला एक प्रवासी गोंधळून गेला होता. त्याला इंग्रजी येत नव्हते. पोलिसांनी त्याच्यावर विजेचा झटका देणारे शस्त्र पाच वेळा चालविले व तो तेथेच मरण पावला. त्या शस्त्राचा तो वापर समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने २०१० मध्ये काढला. शस्त्र प्राणघातक म्हणून ओळखले जात नसले, तरी त्याचा वापर अनावश्यक असल्यास प्राण जाऊ शकतो.

जोयडा तालुक्यास ही घटना परकी वाटू नये. येथील अनेक घरांत कोकणी वा मराठी बोलली जाते, तर सरकारी कामकाज कन्नडमधून चालते. हुकूम न समजल्यामुळे थबकलेला माणूस प्रतिकार करीत आहे, असे समजणे योग्य नाही. महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे स्पष्ट केले आहे की, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आहे. तिच्यातील पुढील तरतुदी प्रत्येकाने जाणून घ्याव्यात.

१. पळून जाण्यास प्रतिबंध करण्यासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक बंधन घालता येत नाही. माणूस ताब्यात आल्यानंतर मारलेला प्रत्येक फटका बेकायदेशीर ठरतो.

२. अटकेची माहिती नातलगास वा मित्रास देणे बंधनकारक आहे.

३. अटकेनंतर लवकरच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे व तिच्या अहवालाची प्रत त्या व्यक्तीस मिळाली पाहिजे. मारहाण झाल्यास हाच मुख्य पुरावा ठरतो.

४. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे. या मुदतीत प्रवासाचा काळ धरला जात नाही. म्हणून डिग्गी, अणशी यांसारख्या दूरच्या जंगलभागातील ग्रामस्थांनी अटकेची नेमकी वेळ लिहून ठेवावी.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कबुली मिळविण्यासाठी इजा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० अन्वये सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. जबर इजा केल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते.

मारहाण झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहताच ते सांगावे व अंगावरील खुणा दाखवाव्यात. अटकेत असलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

शिक्षकांनी या तरतुदी वरच्या वर्गांतील मुलांना त्यांच्या बोलीत समजावून सांगाव्यात. रात्री पोलीस दारी आले, तर घरातील कागद वाचणारा बहुधा तो शाळकरी मुलगा किंवा मुलगीच असते.