फुटलेल्या फायबरग्लासची घरगुती दुरुस्ती

फायबरग्लास या नावाने जो पदार्थ ओळखला जातो, तो वस्तुतः दोन पदार्थांचा संयोग आहे. एक म्हणजे काचेचे अतिशय बारीक तंतू आणि दुसरा म्हणजे त्या तंतूंना जखडून ठेवणारे रेझिन, अर्थात कृत्रिम राळ. ताण सहन करण्याचे काम तंतूंचे. त्यांना आपापल्या जागी धरून ठेवणे, एका तंतूवरील भार शेजारच्या तंतूंकडे पोचविणे आणि पाण्याला अटकाव करणे ही कामे राळेची. मातीच्या गिलाव्यात भुसा किंवा काथ्या मिसळतात, त्यामागील तत्त्व हेच होय. माती एकटी असली तर तडकते. काथ्या असला म्हणजे ती धरून राहते. फुटलेल्या फायबरग्लासची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याने हे तत्त्व प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. भोक बुजविले म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. तुटलेल्या तंतूंचे काम नव्या तंतूंकडे सोपविले गेले, तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येते.

काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा पदार्थ होड्यांसाठी वापरात आला. समुद्राच्या लाटांवर उभे राहून घसरत जाण्याच्या खेळातील फळीलाही त्याने लवकरच आपलेसे केले. कॅलिफोर्नियातील पीट पीटरसन यांनी १९४६ मध्ये फायबरग्लासची अशी फळी तयार केली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेनच्या फेसाचा हलका गाभा आणि त्यावर फायबरग्लासचे पातळ कवच ही रचना रूढ झाली. फळी खडकावर आपटून फुटणे हे नित्याचेच असल्यामुळे तिची घरच्या घरी दुरुस्ती करण्याची पद्धतही त्या खेळाबरोबर वाढली. तीच पद्धत लहान होडीला लागू पडते.

लखनौ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. लाटांवरची फळी तेथे क्वचितच दिसेल. परंतु शहराच्या मधून गोमती वाहते, आणि १९६० व १९७१ या साली तिला आलेल्या पुरांची आठवण त्या शहराच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. पूरकाळासाठी राखून ठेवलेल्या होडीची अवस्था मोठी चमत्कारिक असते. वर्षातील बहुतेक काळ ती उन्हात पालथी पडून राहते आणि गरज पडते त्या दिवशी क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेऊन तिला पाण्यात उतरावे लागते. वरवर गुळगुळीत दिसणारी परंतु आतून कच्ची राहिलेली दुरुस्ती उघडी पडते, ती नेमकी अशा वेळी.

गोडे पाणी आणि फोड

नदीचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सौम्य असते, सबब नदीतील होडीला धोका कमी, असा सर्वसाधारण समज आहे. लाकडात गेलेल्या खिळ्यांच्या बाबतीत तो खरा असेल. पॉलिएस्टर राळेच्या बाबतीत वस्तुस्थिती उलट आहे. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या होडीच्या कवचातून पाण्याचा अंश हळूहळू आत झिरपतो आणि राळेतील विद्राव्य द्रव्ये विरघळवून त्यांचा दाट द्रव बनवितो. हा द्रव बाहेरील पाणी आणखी आत ओढून घेतो. बाहेरचे पाणी जितके गोडे, तितका आतील व बाहेरील दाटपणातील फरक मोठा आणि ओढही तितकीच मोठी. यालाच परासरण म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागाखाली फोड येतात. असा फोड फोडला असता आतून चिकट, आंबूस वासाचा द्रव दाबाने बाहेर उडतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा चढविल्याखेरीज फोडाला हात लावू नये.

दुखापतीची परीक्षा

फुटलेली जागा डोळ्यांना दिसते तेवढीच असते असे मानणे चुकीचे ठरते. आघात झालेल्या ठिकाणाभोवती एखाद्या नाण्याने हलके ठोकत जावे. शाबूत भागाचा आवाज टणक येतो. जेथे थर एकमेकांपासून सुटले असतील, तेथे तो बद्द येतो. बद्द आवाजाच्या सीमेवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. ती रेषा हीच दुखापतीची खरी मर्यादा. अंगठ्याने दाबले असता पृष्ठभाग आत जात असेल किंवा राळ पांढुरकी दिसत असेल, तर तो भागही काढावा लागेल.

वाळवणे

सर्वांत अधिक दुरुस्त्या फसतात त्या या पायरीवर. ओल्या तंतूंना राळ नीट धरत नाही, आणि आत कोंडलेले पाणी पुढे थर सोडवीत राहते. प्रथम जागा स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावी. नंतर भोक खाली येईल अशा रीतीने होडी किंवा फळी हवेशीर सावलीत टेकवून ठेवावी. कडक उन्हात ठेवल्याने काम लवकर होईल असे वाटते, परंतु फेसाचा गाभा तापून फुगतो आणि कवचापासून सुटतो. वाळणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे वजनकाटा. फळी किंवा उचलण्याजोगी लहान होडी दर दोन दिवसांनी तोलावी आणि वजन लिहून ठेवावे. वजन घटत आहे तोवर आत पाणी आहे. लागोपाठ तीन वेळा तेच वजन भरले, म्हणजे पुढील कामास हात घालावा. यास एक आठवडा लागेल किंवा तीनही लागतील.

ऋतूची निवड

पॉलिएस्टर राळ घट्ट होते ती रासायनिक क्रियेने, आणि ही क्रिया तापमानावर अवलंबून असते. सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली ती रेंगाळते व राळ कायमची कच्ची राहण्याचा संभव असतो. लखनौत जानेवारीच्या रात्री तापमान ८ अंशांच्या आसपास उतरते. उलट मे महिन्यात दुपारी ते ४० अंशांवर जाते; तेव्हा वाटीतील राळ ब्रश फिरविण्यापूर्वीच थिजते. पावसाळ्यात हवेतील दमटपणा आड येतो. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च, किंवा ऑक्टोबर व नोव्हेंबर हे काळ सोयीचे. पुरासाठी राखलेल्या होडीची तपासणी जूनमध्ये सुरू केली, तर उशीर झालेलाच असतो.

साहित्य आणि सावधगिरी

पॉलिएस्टर राळेबरोबर दोन द्रव लागतात. जांभळट रंगाचा कोबाल्टयुक्त द्रव क्रियेचा वेग वाढवितो. दुसरा, ज्याला कारागीर हार्डनर म्हणतात, तो मिथाइल एथिल कीटोन पेरॉक्साइड होय. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्णपणे ढवळून घ्यावे आणि नंतरच हार्डनर घालावा. पुष्कळदा राळ विकतानाच तिच्यात कोबाल्ट मिसळलेले असते, म्हणून डब्यावरील सूचना वाचणे अगत्याचे आहे. हार्डनरचे प्रमाण राळेच्या वजनाच्या १ ते २ टक्के असते. त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका आहे. तत्काळ निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवून डॉक्टर गाठावा.

एपॉक्सी राळेची गोष्ट वेगळी. तिचा हार्डनर हा क्रियेत प्रत्यक्ष भाग घेणारा घटक असतो. थंडी आहे म्हणून तो अधिक घातला, तर राळ लवकर न थिजता कायमची मऊ राहते. उत्पादकाने दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे. फळीचा गाभा थर्मोकोलसारखा, म्हणजे मण्यांमण्यांचा असेल, तर एपॉक्सीच वापरावी. पॉलिएस्टरमधील स्टायरीन तो गाभा विरघळवून टाकते.

काम उघड्या अंगणात करावे. जवळ चूल, शेगडी किंवा विडी नसावी. हातमोजे, चष्मा, नाकातोंडावर योग्य मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत, कारण घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला व फुप्फुसांना त्रास देते.

प्रत्यक्ष कृती

फळीवर मेण असेल तर ते प्रथम खरवडून काढावे. आधी घासल्यास मेण तंतूंत शिरते. नंतर सुटलेला भाग कापून टाकावा आणि सभोवतालचा कठीण भाग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने उतरता घासावा. होडीच्या बाबतीत हा उतार जाडीच्या सुमारे बारापट रुंद असावा. कवच ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाभोवती ६ सेंटिमीटर. हा रुंद उतारच नव्या तंतूंना जुन्या तंतूंवर पकड देतो. नुसत्या भोकापुरते ठिगळ बुचासारखे निघून येते.

गाभ्यातील खळगा निव्वळ राळेने भरू नये. ती जड होते, थिजताना तापते आणि पुढे तडकते. राळेत हलकी भुकटी किंवा काचतंतूंचे बारीक तुकडे कालवून त्या लगद्याने खळगा भरावा. त्यावर राळेत भिजविलेले काचतंतूंचे तुकडे एकावर एक बसवावेत. लहान तुकडा आधी आणि प्रत्येक पुढील तुकडा थोडा मोठा. होडीसाठी पॉलिएस्टर राळेबरोबर मॅट, म्हणजे विखुरलेल्या तंतूंची चटई, चालते. तिला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट राळ लागते. एपॉक्सीबरोबर मात्र विणलेले कापड वापरावे, कारण मॅटमधील तंतू ज्या द्रव्याने चिकटविलेले असतात, ते सामान्यतः स्टायरीनने विरघळते, एपॉक्सीने नव्हे. प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे रूळ फिरवून काढावेत. पांढरा ठिपका राहिला, तर तेथे हवा राहिली असे समजावे.

हवेच्या संपर्कात पॉलिएस्टरचा वरचा थर चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थरावर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म ताणून बसवावी किंवा मेणमिश्रित राळेचा हात द्यावा. उरलेली राळ वाटीत तशीच ठेवू नये. ती तापून पेट घेऊ शकते. पत्र्याच्या ताटात पातळ पसरून ती उघड्यावर थिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी १२०, २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने क्रमाने घासून जागा सपाट करावी. पाण्यात उतरविण्यापूर्वी आठवडाभर थांबणे इष्ट.

दुरुस्तीची मर्यादा

लखनौतच १९७६ साली सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. पुराणवस्तूंच्या संरक्षणशास्त्राचा एक मान्य नियम असा की, वापरलेले द्रव्य पुढे शक्यतो काढून टाकता यावे. उद्याच्या तज्ज्ञाला अधिक चांगला उपाय सुचला, तर वस्तूला इजा न होता आजचा उपाय दूर करता यावा. फायबरग्लासच्या दुरुस्तीत ही मुभा नाही. एकदा घट्ट झालेली राळ तापवून मऊ होऊन पुन्हा वाहत नाही, की द्रावकात विरघळून पूर्वपदावर येत नाही. आत राहिलेले पाणी, मेण किंवा धूळ तिच्याखाली कायमची बंदिस्त होते, आणि चूक सुधारावयाची तर सारे घासून पुन्हा आरंभ करावा लागतो. यास्तव घाई करण्यास येथे कोठेच वाव नाही.

काही दुखापती घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात. होडीचा कणा दुभंगला असेल, यंत्र बसविण्याची मागील फळी सडली असेल, किंवा बद्द आवाजाचा भाग हातभर पसरला असेल, तर काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. दुरुस्त केलेली होडी प्रथम उथळ पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती घालून काही तास ठेवावी. नंतर ती बाहेर काढून नाण्याने पुन्हा ठोकून पाहावी. आवाज सर्वत्र टणक आला आणि आत पाणी शिरलेले नसले, तरच तिच्यात माणसे बसवावीत.