त्रेसष्ट आणि साठ तीन

सोनू,

तुझं पत्र पोचलं. दुसरीचा वर्ग मिळाला हे बरं झालं. काड्यांचे गठ्ठे घेऊन मुलांना खाली बसवलंस, तर शेजारच्या वर्गातले गुरुजी ‘हा काय बाजार?’ म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस. 2019 साली मीही तशीच होते.

बालभारतीच्या दुसरीच्या गणितात तेव्हा ‘वीस एक, एकवीस’ असं संख्यावाचन आलं. विधानसभेतसुद्धा त्यावर विनोद झाले. आमच्या शाळेत सगळ्यात मोठ्यानं हसले ती मीच. पुस्तकाच्या समितीतल्या गणितज्ञ मंगला नारळीकर घसा कोरडा करून सांगत होत्या, की आपण बोलतो एका क्रमानं आणि लिहितो उलट क्रमानं, तिथं मूल अडतं. ऐकतंय कोण!

मग एकदा फळ्यापाशी एका पोरीला ‘त्रेसष्ट लिही’ म्हटलं. तिनं 36 लिहिले. मी ओरडले. ती खडू हातात धरून म्हणाली, “बाई, तुम्ही आधी तीनच म्हणालात की.” तीस वर्षं मी या चुकीला लाल फुली मारत आले होते! आणि आपल्या जतच्या बाजारात कानडी बायका त्रेसष्टला ‘अरवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे साठ तीनच, हे माझ्या कानावर लहानपणापासून होतं.

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहाचे सहा गठ्ठे, तीन सुट्या. आधी ‘साठ तीन’, मग ‘त्रेसष्ट’. जुनं नाव सोडायचं नाही हं. एसटीचा कंडक्टर काही ‘साठ तीन रुपये द्या’ म्हणणार नाही. पुस्तकातही दोन्ही होतंच, आम्ही नीट वाचलं नव्हतं इतकंच.

तेव्हा तू काड्या चालू ठेव. पण टॅब, गाणी, गटकाम असं सगळं एकदम काढू नकोस. एक गोष्ट धर, महिनाभर बघ, नाही जमली तर निमूट सोड. पालकांना एकदा वर्गात बसव, नाहीतर ‘बाई नुसत्या खेळवतात’ हे गावभर होईल. गुरुजींनाही बोलाव, पाढे त्यांच्याइतके चांगले तुला घेता येणार नाहीत.

दिवाळीला येशील तेव्हा मुलांच्या वह्या घेऊन ये. चुकलेली पानं आधी दाखव.

तुझी,
आत्या