भिंतींपलीकडची शाळा

एका ओळीत बांधलेल्या खोल्या, त्यांच्यापुढे व्हरांडा, प्रत्येक खोलीत एक फळा आणि फळ्याकडे तोंड करून बसलेली मुले, हे शाळेचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. या रचनेमागे एक साधे गृहीत आहे. शिक्षकाचा आवाज एका खोलीपुरताच पोहोचतो. म्हणून जितके शिक्षक तितक्या खोल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असावी, असे ठरविले. परंतु आवाजाला भिंतींचे बंधन उरले नाही, तर या वास्तूचे स्वरूप काय होईल?

भारतात या प्रश्नाचा आरंभ उपग्रहापासून झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात, कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीच योजलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या साहाय्याने चामराजनगर जिल्ह्यातील आठशेहून अधिक प्राथमिक शाळांत पाठ दाखविले जाऊ लागले. या कार्यक्रमांची शैक्षणिक जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभागाकडे होती. त्याचे कार्यालय बंगळूरच्या बनशंकरी भागात आहे. बंगळूरमध्ये तयार झालेला पाठ दूरच्या खेड्यातील मुलापर्यंत पोहोचला. मात्र तो पाहण्यासाठी मुलांना ठरावीक वेळी, संच असलेल्या एकाच खोलीत जमावे लागे. तंत्र नवे होते. शाळेची रचना जुनीच राहिली.

भ्रमणध्वनीने हे वेळेचे व स्थळाचे बंधनही दूर केले. त्याची कसोटी २०२० मध्ये लागली. महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ घरोघरी पाठविण्याचे प्रयत्न सुरू झाले. पण ज्या घरी असे साधन नव्हते, किंवा असलेले एकमेव साधन वडिलांबरोबर कामावर जात होते, तेथील मूल शिक्षणाबाहेर पडले. त्यासाठी कर्नाटकाने ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना सुरू केली. शिक्षक वस्तीत जाऊन देवळाच्या आवारात किंवा झाडाखाली मुलांचे लहान गट शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीमुळे ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली आणि १ जानेवारी २०२१ पासून ती शाळांच्या आवारात पुन्हा सुरू झाली.

शाळा मुलापर्यंत नेण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविली. तेथे भिंती नव्हत्या. शिक्षिका मात्र मुलांजवळ होती. या दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, इमारतीवाचून शिक्षण काही काळ चालू शकते, सहवासावाचून ते चालत नाही.

दुसरीकडे, समाजातील बदलांनी शाळेच्या इमारतीत भरच घातली आहे. शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि शाळेत स्वयंपाकघराची गरज निर्माण झाली. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, अपंग मुलांना अडथळ्यावाचून येता येईल असा मार्ग, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि क्रीडांगण या गोष्टी आता कायद्याने आवश्यक ठरल्या आहेत. यांपैकी एकही गोष्ट उपग्रहावरून पाठविता येत नाही.

तेव्हा भावी शाळेत केवळ ऐकण्यासाठी बांधलेल्या खोल्या कमी लागतील. सरकत्या पडद्यांनी लहानमोठे करता येणारे दालन, हाताने काम करण्याची कार्यशाळा, सायंकाळी शेजारच्या प्रौढांनाही खुले असणारे वाचनालय आणि भरपूर सावली यांना अधिक जागा द्यावी लागेल. शिक्षकाचे कामही बदलेल. माहिती सांगण्यापेक्षा प्रश्न ऐकण्यात आणि चूक कोठे झाली हे शोधण्यात त्याचा वेळ जाईल.

बनशंकरीसारख्या वसाहती आखताना बंगळूर विकास प्राधिकरण नागरी सोयींसाठी भूखंड राखून ठेवते. पाठ घरी पोहोचतो, मग शाळेला एवढी जागा कशाला, असा युक्तिवाद पुढे येणे शक्य आहे. त्याचा मोह योजनाकारांनी टाळला पाहिजे. पाठ पुन्हा केव्हाही पाठविता येतो. दाट वस्तीत एकदा गमावलेले क्रीडांगण सहसा परत मिळत नाही.