सराव प्रतिकृतीवर, उपचार रुग्णावर

मोशी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत शिकाऊ कामगाराच्या हाती किमती जॉब लगेच देत नाहीत. तो आधी भंगाराच्या तुकड्यावर हात बसवतो. शल्यविद्येतही ही रीत प्राचीन आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे.

पाठीतील छोट्या छिद्रातून मूतखडा काढण्याची पद्धत १९७६ साली स्वीडनमध्ये नोंदली गेली. १९९० साली अमेरिकेत दुर्बिणीद्वारे मूत्रपिंड काढण्यात आले. रुग्णाची जखम लहान झाली. शल्यचिकित्सकाचे काम मात्र अवघड झाले. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, शिवाय ती श्वासासरशी वरखाली सरकतात. सुई किंचित चुकली तरी रक्तस्राव संभवतो.

म्हणून सरावाची साधने निर्माण झाली. कॅमेरा बसवलेल्या पेटीत टाके घालणे शिकता येते, पण तेथे रक्त वाहत नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडाची ऊती खरी असते, पण ते श्वासाबरोबर हलत नाही. संगणकीय यंत्र ही हालचालही दाखवते, परंतु ते महाग असते. यांपैकी कोणतेही साधन अनुभवी गुरूची जागा घेऊ शकत नाही.

नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांचा अनुभव निःसंकोच विचारावा. दात्यांना आमची नम्र विनंती अशी की, सरावाच्या साधनांवरील खर्च त्यांनी रुग्णसेवाच मानावा. टळलेली इजा ताळेबंदात मांडता येत नाही. तिचे मोल त्या रुग्णाच्या घरालाच कळते.