टोपीवरील बिल्ल्याची साक्ष

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल साधनांचा आग्रह मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. कागद हाती आला की त्याचे बहिरंग आणि अंतरंग तपासावे, हे आपण वर्गात शिकतो. हीच रीत धातूच्या एका लहानशा वस्तूलाही लावता येते. ती वस्तू म्हणजे ब्रिटिश शिपायाच्या टोपीवरील पलटणीचा बिल्ला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे बिल्ले रूढ झाले. त्या काळी त्यांची किंमत क्षुल्लक होती. पुढे संग्राहकांची मागणी वाढली आणि नकलांचा धंदा उभा राहिला. १९४१ साली स्थापन झालेल्या 'स्पेशल एअर सर्व्हिस'सारख्या नामांकित दलांच्या बिल्ल्यांच्या नकला तर विपुल आढळतात.

प्रथम बहिरंग पाहू. अस्सल बिल्ला बहुधा पोलादी ठशांच्या जोडीत पत्रा दाबून काढलेला असतो. त्यामुळे पुढे जेथे उठाव, तेथे मागे खोलगा दिसतो आणि रेषा धारदार येतात. नकलाकार पुष्कळदा अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन धातू ओततो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ४० मिलिमीटरच्या बिल्ल्यात अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर येथे कामास येतो. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि नक्षीतील आरपार जागा अर्धवट भरलेल्या किंवा कानशीने घासलेल्या आढळतात. साचा मूळ बिल्ल्यावरील ओरखडाही उचलतो. दोन बिल्ल्यांवर एकाच जागी तोच ओरखडा दिसला, तर निदान एक तरी ओतीव आहे, असे समजावे.

मागील बाजूही बोलकी असते. टोपीच्या कापडात सरकवण्याची उभी पट्टी किंवा कड्या नीट जोडलेल्या हव्यात. डाखाचे ओबडधोबड गोळे संशय वाढवतात. पट्टीवर निर्मात्याचे नाव असले म्हणून भुलू नये, कारण तेही ठोकता येते.

यानंतर वापराच्या खुणा. शिपाई बिल्ला रोज घासत असे. म्हणून उंच भाग गुळगुळीत झिजतात, पण खोल भागातील आणि मागील बाजूचे तपशील टिकून राहतात. सगळीकडे सारखाच काळेपणा किंवा सारखीच झीज असेल, तर ती काळाने केलेली नसून कोणीतरी केलेली असण्याचा संभव अधिक.

आता अंतरंग. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील ट्यूडर मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. १९५२ साली एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर घेतलेल्या सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मध्ये खोलगट होतात. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचे बिल्ले निघाले. त्यातला म्हणून दाखवलेल्या बिल्ल्यावर हा दुसरा मुकुट असेल, तर काळाचा मेळ बसत नाही. मात्र २०२२ साली गादीवर आलेल्या चार्ल्स राजांनी पुन्हा ट्यूडर मुकुट स्वीकारला. त्यामुळे केवळ त्या मुकुटावरून बिल्ला जुना ठरत नाही.

जेथे मुकुटच नाही, तेथे नाव वाचावे. लेस्टरशायर रेजिमेंटच्या बिल्ल्यावर वाघ आणि 'हिंदुस्तान' हा शब्द असे. भारतातील कामगिरीबद्दल १८२५ साली मिळालेले हे चिन्ह होय. या पलटणीस 'रॉयल' ही पदवी १९४६ साली मिळाली. तेव्हा 'रॉयल लेस्टरशायर' असा बिल्ला १९१४ सालचा असू शकत नाही. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर, १०३, ११०, ११७ इत्यादी जुन्या मराठा पलटणींची 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली ती १९२२ साली. हे नाव कोरलेला बिल्ला कोणी पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाचा म्हणून दाखवला, तर बिल्ला अस्सल असला तरी त्याची कथा खोटी ठरते.

येथे उलट दिशेची सावधगिरीही हवी. वेगळे ते सर्व बनावट, असे नाही. १९१६ साली काटकसरीसाठी दोन धातूंचे अनेक बिल्ले केवळ पितळेत काढले गेले. नियमित नमुन्याशी ते जुळत नाहीत, म्हणून घाईने फेकून दिल्यास अस्सल पुरावाच गमावला जाईल. याउलट जुन्याच ठशांतून पुढे संग्राहकांसाठी काढलेले 'रिस्ट्राइक' रेषांच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. त्यांच्या बाबतीत धातू, पट्टी, झीज आणि वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे आली याचा माग, हे सर्व एकत्र पाहावे लागते.

सारांश, एका खुणेवर निकाल देऊ नये. घडण, झीज आणि लेख या वेगवेगळ्या साक्षीदारांची जबानी जुळली पाहिजे. विक्रेत्याची रसभरित हकिकत ही साक्ष नव्हे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक घरांत आजोबा-पणजोबांची पदके आणि बिल्ले ट्रंकेत पडून आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या पलटणीतील दिवसांचा दुसरा पुरावा घरात उरलेला नाही. अशा वस्तूंत खोटा बिल्ला मिसळला, तर पैसे बुडतात ते थोडेच. एका सामान्य शिपायाचा इतिहास मात्र कायमचा चुकीचा लिहिला जातो. म्हणून घरातील बिल्ला चकचकीत घासण्यापूर्वी तो जसा आहे तसा मोजावा, त्याच्या दोन्ही बाजू टिपून घ्याव्यात आणि तो कोणाचा, हे सांगणारे माणूस हयात असतानाच विचारून ठेवावे.