हिरड्यांतील रक्त आणि रक्तातील साखर

पिकाची पाने पिवळी पडली की आपण मुळाशी पाहतो. मुलांच्या हिरड्यांतून रक्त आले तरी तसेच करावे.

दातांवरील कीटणात जंतू वाढून हिरड्या सुजतात. सूज फार दिवस राहिली की तिचा परिणाम साऱ्या शरीरावर होतो व इन्सुलिनचे काम मंदावते. उलट, मधुमेहात साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात. मधुमेह फक्त म्हातारपणी होतो असे समजू नये. १२ ते १५ वर्षांच्या मुलांनाही तो होतो.

यासाठी काय करावे?

१) सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. मिश्री मुळीच नको. ती तंबाखूच आहे.

२) ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. गुऱ्हाळावरचा गूळ व काकवी हीदेखील साखरच. मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाणे द्यावेत.

३) हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. सोबत खूप तहान, वरचेवर लघवी, वजन घटणे अशी लक्षणे असल्यास त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी.

शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे. ती जपण्याची सवय मुलांना घरातूनच लावावी.